क्लाउडमधल्या सुरक्षा घटनेचं मूळ कारण: 'चावी फुटली' याच्या पुढचा तपास

प्रश्न थोडक्यात असा. अंधेरी पूर्वेला ऑफिस असलेली, कर्जवाटप करणारी कंपनी. सगळा कारभार एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरच्या गटात. सात आठवड्यांपूर्वी एका रविवारी रात्री साओ पावलो रीजनमध्ये जीपीयूची (जड गणितं करणाऱ्या चिपची) मोठाली मशीन चालू झाली आणि ती सोमवारी दुपारी बिलाच्या अलर्टमुळे कळली. टीमने मशीन बंद केली, ज्या ॲक्सेस कीने (प्रोग्रामला अकाउंटमध्ये शिरू देणाऱ्या चावीने) हे घडलं ती डिलीट केली आणि अहवालात लिहिलं: 'डेव्हलपरने की गिटमध्ये (कोड साठवायच्या जागेत) टाकली. मूळ कारण मानवी चूक. उपाय ट्रेनिंग.' ऑडिटरने 'मूळ कारण अपुरं' असा शेरा मारून अहवाल परत पाठवला. आता तपास कसा करायचा?

पुढचं वाचण्याआधी एक काम आजच करा. क्लाउडट्रेल म्हणजे अकाउंटमध्ये कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी एडब्ल्यूएसची सेवा. तिची इव्हेंट हिस्ट्री फक्त ९० दिवस मागे जाते. तुमच्या घटनेला ४९ दिवस झालेत, म्हणजे घटनेआधीचे जेमतेम ४१ दिवस शिल्लक आहेत आणि रोज त्यातला एक दिवस गळतोय. स्वतंत्र ट्रेल लावून लॉग (नोंदी) एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेत ठेवत नसाल तर हाच तुमचा एकमेव पुरावा आहे. तो उतरवून घ्या, पण फक्त मुंबई रीजनचा नको. इव्हेंट हिस्ट्री रीजननुसार वेगळी असते, आणि आयएएमसारख्या (युजर आणि परवानग्या सांभाळणाऱ्या) जागतिक सेवांच्या नोंदी उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये पडतात. मुंबईच्या स्क्रीनवर 'नवा युजर तयार झाला' ही ओळ शोधाल तर ती दिसणारच नाही, आणि 'कुणी युजर बनवला नाही' असं चुकीचं समाधान मिळेल. उत्तर व्हर्जिनिया, मुंबई, साओ पावलो या क्रमाने घ्या, मग अकाउंटमध्ये चालू असलेली उरलेली सगळी रीजन. स्क्रिप्टने काढत असाल तर लुकअप-इव्हेंट्स या नोंदी काढायच्या आदेशाला दर अकाउंटला दर रीजनमध्ये सेकंदाला दोनच विनंत्या चालतात आणि एका पानावर ५० नोंदी येतात, तेव्हा मध्ये थांबा ठेवा. नाहीतर स्क्रिप्ट अर्ध्यात अडेल आणि अर्धवट फाइल पूर्ण वाटेल.

ऑडिटर बरोबर का आहे

'चावी गिटमध्ये गेली' ही घटना आहे, कारण नाही, आणि तुमच्या बाबतीत ती घटनासुद्धा अजून सिद्ध झालेली दिसत नाही. कुठल्याही क्लाउड घटनेत तीन वेगळी कारणं शोधावी लागतात. हल्लेखोर आत कसा शिरला? शिरल्यावर इतक्या आतपर्यंत कसा पोहोचला? आणि आपल्याला कळायला इतका वेळ का लागला? तिन्हींची मुळं बहुधा वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या लोकांच्या कामात असतात. एकच 'मूळ' शोधायला गेलं की तपास पहिल्या माणसाच्या नावापाशी थांबतो.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेची २०१९ची घटना बघा. शिरकाव झाला चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमधून. त्या मशीनला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून स्वतःच्या रोलची (तिला नेमून दिलेल्या परवानग्यांच्या ओळखीची) तात्पुरती चावी मिळते, तीच हल्लेखोराने बाहेर काढली. एवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान मर्यादित राहिलं असतं. पण त्या फायरवॉलच्या रोलला ज्या बकेट (एस३ मधले फाइलींचे साठे) वाचायची काही गरज नव्हती त्याही वाचता येत होत्या, म्हणून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. चोरी मार्चमधली आणि कळली जुलैमध्ये, तीही बाहेरच्या एका माणसाने मेल पाठवला म्हणून. आता 'फायरवॉल नीट केला' हा उपाय पहिल्याच प्रश्नाला पुरतो. उरलेले दोन तसेच राहतात, आणि पुढच्या वेळी शिरकाव दुसऱ्या भोकातून होतो.

तुमच्या टीमने पहिल्या तासात काय गमावलं

हे दोष देण्यासाठी सांगत नाही. अशा वेळी हात आपोआप 'डिलीट'कडेच जातो. पण चावी डिलीट केली की ती शेवटची कधी, कुठल्या सेवेसाठी, कुठल्या रीजनमध्ये वापरली गेली ही आयएएमकडची माहिती तिच्यासोबत जाते. चावी इनॲक्टिव्ह करायची आणि क्रेडेन्शियल रिपोर्ट (सगळ्या युजरच्या चाव्या आणि पासवर्डच्या स्थितीची यादी) लगेच काढून ठेवायचा. हा रिपोर्ट दर चार तासांतून एकदाच नव्याने तयार होतो. चार तासांच्या आत पुन्हा मागितला तर जुनाच हाती येतो, म्हणून त्यावरची वेळ बघून घ्या.

शिवाय चावी बंद केल्याने माणूस बाहेर गेला असं होत नाही. त्या चावीने फेडरेशन टोकन (ठराविक वेळ चालणारी तात्पुरती ओळख) घेतलेलं असेल तर ते ३६ तासांपर्यंत चालू शकतं आणि मूळ चावी मेल्यावरही जिवंत राहतं. त्यामुळे त्या आयएएम युजरवरच 'सगळं नाकारा' अशी पॉलिसी लावावी लागते. रोलच्या बाबतीत, ठराविक वेळेआधी दिलेली सगळी टोकन नाकारणारी अट घालावी लागते. कन्सोलमधलं 'रिव्होक सेशन्स' बटण हेच करतं. तुमच्या लॉगमध्ये सोमवारी दुपारनंतरच्या ३६ तासांत 'गेटफेडरेशनटोकन'मधून आलेलं काही दिसतं का, हे तपासायचं राहिलं असण्याची दाट शक्यता आहे.

मशीन टर्मिनेट केल्यावर त्यांची मेमरी गेली आणि बहुतेक डिस्कही गेल्या. पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. मशीन ऑटो स्केलिंग गटातून (मशीनची संख्या आपोआप कमी-जास्त करणारा गट) आणि लोड बॅलन्सरमागून (मशीनमध्ये रहदारी वाटणारा) काढा, नाहीतर 'आजारी' समजून प्रणालीच ते मारून टाकेल. टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू करा. मग वेगळं पाडा. इथे एक खाच आहे. सिक्युरिटी ग्रुप (मशीनभोवतीचे आत-बाहेरचे नियम) बदलला तरी आधीच जोडलेलं कनेक्शन लगेच तुटेलच असं नाही. ते तोडायला सबनेटच्या (नेटवर्कच्या त्या तुकड्याच्या) नेटवर्क एसीएलमध्ये, म्हणजे त्याच्या वेशीवरच्या यादीत, नियम घालावा लागतो, आणि तो सबनेटमधल्या सगळ्यांना लागू होतो, तेव्हा शेजारी काय चालू आहे ते आधी बघा. मशीन चालू असतानाच मेमरीची प्रत घ्या, मग डिस्कचे स्नॅपशॉट घ्या आणि ते तपासासाठी ठेवलेल्या वेगळ्या अकाउंटला द्या. डिस्क एडब्ल्यूएसच्या डिफॉल्ट चावीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर तो स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला देताच येत नाही; त्यासाठी केएमएस या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेत आपण बनवलेली चावी लागते. हे पहाटे तीन वाजता कळलं तर दोन तास सहज जातात. आजच तपासून ठेवा.

प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून कुणी, कधी, कुठून घेतली याची नोंद करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे. उद्या पोलिसांत जायचं ठरलं तर आज न काढलेला हॅश तेव्हा काढून उपयोग नाही.

लॉगची एक ओळ जवळून

क्लाउडट्रेलच्या एका नोंदीत तपासासाठी कामाच्या सात गोष्टी असतात: वेळ, कृतीचं नाव, करणारा कोण, चावीचा क्रमांक, आयपी पत्ता, युजर एजंट (कुठल्या प्रोग्रामने विनंती केली ते) आणि एरर कोड. क्रमाने बघू.

वेळ यूटीसीमध्ये असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही दर तपासात कुणीतरी यात फसतं. एस३ मधले लॉगचे फोल्डरही यूटीसी तारखेने पडतात. मुंबईतल्या घड्याळाने मध्यरात्री ते पहाटे साडेपाच या वेळेतलं सगळं आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जातं. सोमवारी पहाटे दोनचा प्रकार सोमवारच्या फोल्डरमध्ये शोधला तर हाती काहीच येत नाही. हल्ल्याची वेळ बरेचदा हीच असते, त्यामुळे ही चूक नेमकी महत्त्वाच्या जागी नडते. टाइमलाइनच्या तक्त्यात दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा.

चावीचा क्रमांक 'एकेआयए'ने सुरू होत असेल तर ती युजरची कायमची चावी. 'एएसआयए' असेल तर तात्पुरती, म्हणजे रोलची किंवा सेशनची. तपासाची दिशा इथेच बदलते. मशीनच्या रोलची तात्पुरती चावी बाहेरच्या आयपीवरून वापरली गेली असेल तर गिट विसरा आणि त्या मशीनवरचं ॲप तपासा. बहुधा मेटाडेटाच्या पत्त्यावरून (वर आलेला १६९.२५४.१६९.२५४) ती उचलली गेली आहे. मशीनवर मेटाडेटाची दुसरी आवृत्ती (आधी टोकन मागणारी) सक्तीची आहे का, हेही तिथेच बघा. व्हीपीसी फ्लो लॉगमध्ये (नेटवर्कवरच्या रहदारीची नोंद) मात्र याचा माग मिळणार नाही, कारण मेटाडेटाच्या पत्त्याकडची रहदारी त्यात नोंदलीच जात नाही. ॲमेझॉनच्या डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) जाणारी रहदारीही नोंदली जात नाही. त्यासाठी रिझॉल्व्हरचे (या डीएनएस सेवेचे) क्वेरी लॉग वेगळे चालू करावे लागतात.

आयपी आणि युजर एजंट हे आधार आहेत, पुरावा नव्हेत. दोन्ही बदलता येतात. त्यांचा उपयोग गट पाडायला होतो: हाच युजर एजंट दुसऱ्या कुठल्या चावीबरोबर दिसतो का, हाच आयपी दुसऱ्या रोलवर येऊन गेला का?

आणि एरर कोड. नकार मिळालेल्या ओळी गाळू नका. 'ॲक्सेस डिनाइड'ची रांग म्हणजे हल्लेखोर कुठली दारं ढकलून बघत होता त्याचा नकाशा असतो. कुठलं दार टिकलं हेही त्यातच कळतं, आणि अहवालात ते लिहायला हवं, कारण टिकलेली गोष्ट उद्या कुणी 'अडचण होते' म्हणून काढून टाकू नये.

टाइमलाइन

तुमच्या वर्णनावरून साधारण असं चित्र उभं राहू शकतं. आकडे नमुन्यापुरते समजा. भारतीय वेळेप्रमाणे रविवारी रात्री ११:५२, 'गेटकॉलरआयडेंटिटी', म्हणजे 'मी कोण' ही विचारणा. या कृतीला कुठलीच परवानगी लागत नाही, म्हणून चोरलेली चावी चालते का हे बघायला ती पहिली वापरतात. १२:०४, बकेटची यादी, यशस्वी. १२:०४ ते १२:११, युजरची यादी, अकाउंटभरातल्या परवानग्यांचा तपशील, मेल पाठवण्याची मर्यादा, सगळीकडे नकार. १२:३१, साओ पावलोमध्ये मशीन चालू. सोमवारी दुपारी अलर्ट.

आता याच चावीची नोंद रविवारच्या आधी शोधा. अनेक घटनांमध्ये दोन-तीन आठवडे आधी एकच 'गेटकॉलरआयडेंटिटी' दिसते, वेगळ्या देशातल्या आयपीवरून, आणि मग शांतता. कुणीतरी चावी मिळवून ती चालते एवढं तपासलं आणि दुसऱ्याने नंतर वापरली. तसं असेल तर तुमची घटना रविवारी सुरू झाली नाही. चावी बाहेर कशी गेली याचा शोध त्या आधीच्या तारखेच्याही मागे न्यावा लागेल. म्हणूनच ते ४१ दिवस आज वाचवायचे आहेत.

या तक्त्यातले मोकळे तुकडे महत्त्वाचे. १२:११ ते १२:३१ या वीस मिनिटांत काय झालं? नोंद नाही म्हणजे काही झालं नाही, असं नाही. त्या वेळात झालेली कृती आपण नोंदतच नसू. तुमचा खरा धोका तिथेच आहे.

ग्राहकांची कागदपत्रं गेली का

बिल वाढलं हा त्रास आहे. केवायसीची कागदपत्रं गेली असतील तर तो ज्यांनी विश्वासाने आधार आणि पॅन दिलं त्या हजारो माणसांचा प्रश्न आहे. अहवालात याचा उल्लेखच नाही, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. त्या चावीला बकेटची यादी दिसत होती. फाइल वाचण्याची परवानगी होती का? असेल तर वाचल्या का?

एस३ मधली फाइल वाचली गेल्याची नोंद, म्हणजे डेटा इव्हेंट, क्लाउडट्रेल आपणहून ठेवत नाही. ते वेगळं चालू करावं लागतं, पैसे लागतात, आणि इव्हेंट हिस्ट्रीत ते कधीच येत नाही. एस३चे सर्व्हर ॲक्सेस लॉग चालू असतील तर ते बघा. पण प्रत्येक ओळ येईलच याची हमी तिथे नाही. दोन्ही बंद असतील तर बिलाकडे वळा. खर्चाच्या तपशिलात मुंबई रीजनमधून बाहेर गेलेला डेटा आणि वाचनाच्या विनंत्यांची संख्या वेगवेगळ्या रकान्यांत येते. तासागणिक आणि बकेटगणिक तपशील आधीपासून चालू असेल तर उत्तमच. नसेल तर रोजची बेरीज तरी मिळते. आधीच्या चार रविवार-सोमवारशी तुलना करा. इथे एक पळवाट लक्षात ठेवा: त्याच रीजनमधल्या दुसऱ्या अकाउंटमध्ये डेटा नेला तर डेटा ट्रान्सफरचा आकडा हलतच नाही. म्हणून विनंत्यांची संख्या अधिक भरवशाची.

फाइल न उतरवताही डेटा नेता येतो. डिस्कचा किंवा डेटाबेसचा स्नॅपशॉट परक्या अकाउंटला देणं, बकेटची पॉलिसी बदलणं, रेप्लिकेशन लावणं. या सगळ्या मॅनेजमेंट इव्हेंटमध्ये (सेटिंग बदलणाऱ्या कृतींमध्ये) मोडतात, म्हणजे यांची नोंद तुमच्याकडे नक्की आहे. आजच शोधा.

एवढं करूनही उत्तर 'सांगता येत नाही' असं आलं तर अहवालात 'डेटा गेल्याचा पुरावा नाही' असं लिहू नका. 'वाचनाची नोंद ठेवलेली नव्हती, त्यामुळे डेटा गेला नाही असं म्हणता येत नाही' असं लिहा. पहिल्या वाक्यात ग्राहकाची दिशाभूल आहे.

चावी बाहेर कशी गेली

गिट ही शक्यता आहे, पण ती गृहीत धरली गेली की सिद्ध झाली? ती चावी आजवर जिथे जिथे ठेवली गेली त्या प्रत्येक जागेची यादी करा: रेपॉझिटरी, बिल्ड सर्व्हरचे लॉग, डॉकर इमेज (थरांनी बनलेलं ॲपचं पॅकेज), डेव्हलपरचा लॅपटॉप, चॅटमधला मेसेज, सर्व्हरवरची एन्व्ह (सेटिंगची) फाइल, व्हेंडरला पाठवलेली मेल. प्रत्येकासमोर कधीपासून होती, कुणाला दिसत होती, बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा. गिटमध्ये नंतरच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ओळ काढली तरी इतिहासात ती राहते, तेव्हा शोध सगळ्या ब्रँचच्या (कोडच्या समांतर फांद्यांच्या) सगळ्या इतिहासात घ्या. डॉकरमध्येही वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या थरात ती तशीच असते.

एक उपयुक्त खूण: चावी सार्वजनिक गिटहबवर दिसली तर एडब्ल्यूएस बरेचदा स्वतःहून त्या युजरला क्वारंटाइनची पॉलिसी लावतं आणि अकाउंटच्या मेलवर कळवतं. लॉगमध्ये ती पॉलिसी लागल्याची ओळ सापडली तर गिटची शक्यता भक्कम होते आणि वेळही मिळते. नाही सापडली तर गिट खोटं ठरत नाही, पण रेपॉझिटरी खाजगी असेल तर 'गिटमुळे' म्हणण्याआधी खाजगी रेपॉझिटरी कुणी वाचली याचं उत्तर द्यावं लागेल. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहक संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. त्या मोहिमेत पासवर्ड आले ते लोकांच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीचोर मालवेअरमधून, काही तर अनेक वर्षं जुने, आणि त्या खात्यांवर दुसऱ्या टप्प्याची पडताळणीच नव्हती. लॅपटॉप तपासल्याशिवाय गिटवर शिक्का मारू नका.

मग 'का' विचारत खाली उतरा, पण प्रत्येक पायरीला कागद जोडून. समजा असं निघालं: ही चावी महापेच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या सर्व्हरसाठी होती, जो रोज रात्री स्टेटमेंट एस३ मध्ये टाकतो. सर्व्हर एडब्ल्यूएसच्या बाहेर, म्हणून रोल लावता आला नाही आणि कायमची चावी दिली. तिला एस३ आणि ईसी२ (मशीन चालवण्याची सेवा) दोन्हीची पूर्ण परवानगी, कारण स्थलांतराच्या वेळी ती लागत होती. स्थलांतर संपल्यावर ती कमी करणं कुणाच्याच कामात नव्हतं. इथे मूळ हाताला लागतं. एका फोल्डरमध्ये फाइल टाकायला जी चावी पुरेशी, ती ब्राझीलमध्ये मशीन चालू करू शकत होती. ती गिटमध्ये गेली, लॅपटॉपमधून गेली की व्हेंडरच्या मेलमधून, नुकसान तेवढंच झालं असतं.

हे दाखवायला मतं नकोत. आयएएमची 'शेवटचा वापर' ही माहिती ४०० दिवसांपर्यंत मागचं सांगते: त्या युजरने ईसी२ शेवटचं कधी वापरलं होतं? ॲक्सेस ॲनालायझर हे एडब्ल्यूएसचं साधन ९० दिवसांपर्यंतच्या लॉगवरून प्रत्यक्ष लागणाऱ्या परवानग्यांची पॉलिसी बनवून देतं. दिलेली पॉलिसी आणि लागणारी पॉलिसी शेजारी ठेवली की ऑडिटरला वेगळं समजवावं लागत नाही.

उशीर का झाला

बिलाचा अलर्ट ही सुरक्षेची यंत्रणा नाही. बजेटची माहिती ८ ते १२ तासांनी ताजी होते, म्हणजे रात्री साडेबाराचा प्रकार दुपारी कळणं हे तिचं नेहमीचंच काम. गार्डड्यूटी (संशयास्पद हालचाल ओळखणारी एडब्ल्यूएसची सेवा) चालू होतं का? साओ पावलोमध्येही? ते रीजननुसार चालू करावं लागतं आणि लोक फक्त मुंबईत करतात. एडब्ल्यूएसची सूचना कुठल्या मेलवर गेली? रूट अकाउंटचा (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) मेल काही वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाचा असणं हे वारंवार सापडणारं कारण आहे. मेलबॉक्स उघडा आणि न वाचलेल्या मेल बघा.

कळल्यावरचा उशीरही मोजा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची असतात. ९० दिवसांच्या इव्हेंट हिस्ट्रीवर विसंबलेली कंपनी तिथेच कमी पडते. ऑडिटर पुढचा प्रश्न हाच विचारेल, तेव्हा आपणहून लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवरही काही असेल तर ॲक्टिव्हिटी लॉग ९० दिवस, साइन-इनचे लॉग मोफत लायसन्सवर ७ आणि पैसे भरलेल्यावर ३० दिवस. गूगल क्लाउडवर ॲडमिन ॲक्टिव्हिटी ४०० दिवस मिळते, पण डेटा कुणी वाचला याचे लॉग बिगक्वेरी ही डेटा विश्लेषणाची सेवा सोडून मुळात बंद असतात.

लिहिताना

खात्री कितपत आहे ते प्रत्येक विधानाला जोडा: सिद्ध, संभाव्य, अज्ञात. यात कमीपणा नाही. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची (लॉगिनच्या टोकनवर) सही करण्याची चावी वापरून अमेरिकी सरकारी मेल वाचल्या. तो प्रकार परराष्ट्र खात्याच्या लक्षात आला, कारण त्यांच्याकडे मेल वाचल्याची नोंद देणारं जास्त पैशांचं लॉगिंग होतं. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये चावी क्रॅश डंपमधून (प्रणाली बंद पडताना साठवलेल्या मेमरीच्या प्रतीतून) गेली असावी असं मांडलं. मार्च २०२४ मध्ये, तशी चावी असलेला क्रॅश डंप सापडलेला नाही, अशी दुरुस्ती त्यांना करावी लागली. पटण्यासारखी साखळी आणि पुराव्याने बांधलेली साखळी यांत एवढा फरक पडतो.

त्या डेव्हलपरशी बोला. 'तू का टाकलीस' असं विचारू नका. 'त्या दिवशी काम कसं चाललं होतं, चावी कुठून घेतलीस, दुसरा मार्ग होता का' असं विचारा. चावी कुठे कुठे फिरली हे सगळ्यात जास्त त्यालाच माहीत आहे, आणि अहवालात त्याच्यावर बोट ठेवलंत तर तो गप्प बसेल. त्याला बघून बाकीचेही लॅपटॉपवरच्या चाव्यांबद्दल गप्प बसतील.

मूळ कारणाचं वाक्य मग साधारण असं होईल: 'क्लाउडबाहेरच्या सर्व्हरसाठी दिलेली कायमची चावी गरजेपेक्षा रुंद परवानग्यांसह वापरात राहिली, कारण स्थलांतरानंतर परवानग्या आवळण्याची जबाबदारी कुणाकडे नव्हती, चावी बाहेर जाण्याचा मार्ग संभाव्यतः अमुक, न वापरातल्या रीजनवर ना बंदी होती ना नजर, म्हणून कळायला बारा तासांहून जास्त लागले, डेटा वाचनाची नोंद नसल्याने डेटा गेला का हे ठरवता येत नाही.'

उपाय याच वाक्यातून काढा. महापेच्या सर्व्हरला प्रमाणपत्रावर चालणारी तात्पुरती चावी द्या. २०२२ पासून एडब्ल्यूएसची 'आयएएम रोल्स एनीव्हेअर' ही सेवा हे करते. न वापरातली रीजन सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीने (कंपनीच्या सगळ्या अकाउंटवर घातलेल्या मर्यादेने) बंद करा, पण आयएएमसारख्या जागतिक सेवांना सूट द्या. ही पॉलिसी ऑर्गनायझेशनच्या मॅनेजमेंट अकाउंटला लागू होत नाही, तेव्हा तिथे काही चालत असेल तर आधी हलवा. केवायसीच्या बकेटवर डेटा इव्हेंट चालू करा, फक्त त्या बकेटवर, म्हणजे खर्च आवाक्यात राहील. प्रत्येक उपायासमोर तो टाइमलाइनच्या कुठल्या मिनिटाला हल्ला अडवतो ते लिहा. रीजनवरची बंदी १२:३१ला अडवते, पण १२:०४ला बकेट दिसतातच. त्यासाठी परवानगीच आवळावी लागते. 'ट्रेनिंग' कुठल्याच मिनिटासमोर बसत नाही.

शेवटी, बदल झाल्यावर नवीन परवानग्यांसह एक चाचणी युजर बनवा आणि हल्लेखोराच्या कृती त्याच क्रमाने चालवा: ओळख, बकेटची यादी, केवायसीची चाचणी फाइल वाचणं, साओ पावलोमध्ये मशीन. जिथे नकार यायला हवा तिथे आला का, अलर्ट किती मिनिटांत, कुणाच्या फोनवर वाजला, आणि हे रविवारी रात्री बारा वाजता केलं तरी वाजला का, ते नोंदवा. त्या लॉगच्या ओळी अहवालाला जोडा आणि मगच तो ऑडिटरकडे परत पाठवा.